धाकट्या दिरांच्या उपचारासाठी घरच्यांनाही बैठकीला बोलावले आहे. सासरे जायला तयार नाहीत

सूनबाई_रावेर यांचा प्रश्न

नमस्कार. रावेर तालुक्यात आमची केळीची बागायत असून घर एकत्र आहे: आबा आणि जिजी, म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघे, धाकटे भाऊजी, जाऊबाई आणि तीन मुले. भाऊजी चौतीस वर्षांचे आहेत. केळीचा ट्रक घेऊन ते दिल्लीच्या बाजाराला जात असत. माल नाशिवंत, पोहोचायला एक दिवस उशीर झाला तरी घड गाडीतच पिकू लागतात आणि भाव कोसळतो, त्यामुळे रात्ररात्र जागून गाडी चालवणे त्या धंद्यात गृहीतच धरलेले असते. वाटेतल्या एका ढाब्यावर झोप उडावी म्हणून त्यांनी डोड्याचा, म्हणजे अफूच्या वाळलेल्या बोंडांच्या भुशाचा, चहा पहिल्यांदा घेतला. पुढे कंबर धरली तेव्हा कोणीतरी ट्रामाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या कॅप्सूल दिल्या. डोडा सुटला आणि कॅप्सूल राहिल्या. आम्हाला हे कळले ते दोन वर्षांनी, ते खळ्यात फिट येऊन पडले तेव्हा. जिजींनी नाकाला कांदा लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी खिशातल्या रिकाम्या पट्ट्या पाहिल्या आणि हे औषध फार झाले की फिट येऊ शकते असे सांगितले.

त्यानंतर त्यांना एका खासगी केंद्रात महिनाभर ठेवले. तिथे आम्हाला भेटू दिले नाही, औषध काय चालू आहे हेही सांगितले नाही. घरी आले तेव्हा चेहरा भरला होता, जेवण चांगले होते, आणि आम्ही सुटलो असे समजलो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गल्लीत पत्त्यांचे डाव बसले, जुने गाडीवाले मित्र आले, आणि आठवड्याभरात कॅप्सूल पुन्हा सुरू झाल्या.

आता जळगावच्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात उपचार चालू आहेत. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली आहे, दर आठवड्याला रुग्णांची गटबैठक असते, आणि घरच्यांपैकी किमान दोघांनी रविवारच्या कुटुंबीयांच्या बैठकीला यावे असे समुपदेशकांनी सांगितले आहे. आबांचे म्हणणे एवढेच, की "नशा त्यानं केली, तं मी कायले जाऊ?" मला त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. शिवाय जळगावच्या बैठकीत आमच्या भागातले कोणी निघाले तर गावभर होईल, नणंदेच्या मुलीचे लग्न ठरायचे आहे, ही जिजींची भीती आहे.

दुसरी गोष्ट त्या गोळीची. ती विरघळेपर्यंत बोलायचे नसते. आबा तेवढा वेळ समोर बाजेवर बसून राहतात आणि मग गड्यांच्या देखत "तोंड उघड" म्हणतात. भाऊजी तोंड उघडतात, पण नंतर दिवसभर कोणाशी बोलत नाहीत. ही गोळी म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावणे आहे, ती लवकर बंद करून नुसत्या बैठकींवर भागवावे, असे माझ्या यजमानांचे मत आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.


समुपदेशक_धुळे यांचे उत्तर

ताई, मी या क्षेत्रात मनोसामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करतो. आपल्या यजमानांच्या मताबद्दल आधी लिहितो, कारण त्यात जिवाचा धोका आहे.

ब्युप्रेनॉर्फिन हेही अफूच्या जातीचेच औषध आहे, हे खरे. पण ते मेंदूतल्या त्याच जागा धरून ठेवते आणि त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे अंगदुखी, नाक वाहणे, जुलाब, काटा येणे, रात्र डोळ्यांवर काढणे हा त्रास थांबतो, तलफ उतरते, आणि योग्य मात्रेत माणूस झिंगत नाही, तर शेतात कामाला जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोनसह हे औषध 2005 पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलेले आहे. त्याच संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत मनोसामाजिक आधार प्रत्येकाला देऊ करावा असे म्हटले आहे, आणि रुग्ण तो आधार घेत नाही एवढ्या कारणाने औषध नाकारू नये असेही स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बैठक ही औषधाच्या जागी वापरायची गोष्ट नाही. बैठकीकडे माझा स्वतःचा कल आहे, माझे पोटच त्यावर आहे, तरीही गोळी आणि बैठक यांपैकी एकच मिळणार असेल तर मी पहिल्या सहा महिन्यांत गोळीकडेच बोट दाखवीन.

याचे कारण असे: काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, पण माणसाच्या आठवणीत जुना आकडाच असतो. तो दहा कॅप्सूल घेणारा होता, म्हणून दहाच घेतो, वर दारू किंवा झोपेची गोळी घेतो, आणि श्वास मंदावतो. आपल्या भाऊजींना आखाजीनंतर काही झाले नाही, हे नशीब समजा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, ओठ निळसर पडणे, घोरल्यासारखा अडखळता श्वास आणि हाक मारूनही जाग न येणे, ही चिन्हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक हवीत. अशा वेळी कुशीवर वळवून लगेच 108 ला फोन करायचा आणि काय घेतले ते न लपवता सांगायचे, कारण नॅलोक्सोन नावाचा उतारा वेळेत मिळाला तर माणूस परत येतो. गोळी किती दिवस चालवायची हे डॉक्टरांनी ठरवायचे. ते महिने असू शकतात, वर्षेही असू शकतात.

आता आबांचा प्रश्न. तो आमच्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वडिलांचा असतो आणि त्यामागे एक गैरसमज असतो: आपल्याला बोलावले म्हणजे आपल्यावर ठपका ठेवायला बोलावले. घरच्यांमुळे व्यसन लागले असे आम्ही मानत नाही. व्यसनामुळे घराची घडी विस्कटलेली असते आणि रुग्ण सुधारून त्याच विस्कटलेल्या घडीत परत येतो, एवढेच आमचे म्हणणे असते. तीन-चार वर्षांत घरातला प्रत्येक जण एकेका भूमिकेत अडकलेला असतो. एक जण पाळत ठेवतो, एक जण पांघरूण घालतो, एक जण बोलणेच सोडतो. आपल्या पत्रात आबा मला दिसले, पण गाडीमालकाला "त्यांना ताप आहे" असे फोनवर कोण सांगत होते आणि उधारी कोणी फेडली, हे दिसले नाही. उत्तर इथे लिहू नका. बैठकीत मात्र हाच प्रश्न निघेल.

आपल्याकडे नातेवाइकांना उपचारात आणण्याची रीत बाहेरून आलेली नाही, हेही आबांना सांगा. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला लावले. ते त्यांना एकत्र बसवून आजार समजावून सांगत, आणि रुग्ण लवकर घरी जात, शिवाय घरचे त्यांना परत घेत. व्यसनाच्या बाबतीत चेन्नईत शांती रंगनाथन यांनी 1980 मध्ये सुरू केलेली संस्था आणि पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये, गर्दने, म्हणजे हेरॉइनच्या भुकटीने, तरुण पोरे पोखरली जात होती त्या काळात, उभे केलेले मुक्तांगण, या दोन्ही ठिकाणी कुटुंब हा उपचाराचाच भाग धरला गेला.

बैठकीत प्रत्यक्ष काय होते? रुग्णांच्या गटात आठ-दहा जण, तास-दीड तास गोल बसतात. नियम ठरलेले असतात: इथे बोललेले इथेच राहील. नशेत यायचे नाही. आपसांत उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत. आणि नशेच्या मजेची वर्णने करायची नाहीत, कारण ती ऐकून दुसऱ्याला तलफ येते. मग मागच्या आठवड्यातल्या घसरत्या जागा शोधल्या जातात. ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी 1985 च्या सुमारास मांडलेले निरीक्षण आजही खरे ठरते, की माणूस पुन्हा घसरतो तो बहुधा तीन प्रसंगांत: मन खचलेले असताना, कोणाशी भांडण झाल्यावर, किंवा मित्रांनी आग्रह केल्यावर. आखाजीचा डाव हा तिसरा प्रसंग. "तोंड उघड" नंतरचा अबोला हा पहिला आणि दुसरा, दोन्ही. गटातला दुसरा गाडीवाला त्यांना विचारील, की दिल्लीची खेप पुन्हा घेणार की जवळची भाडी मारणार. हे आम्ही शंभरदा सांगितले तरी त्यांच्या कानात शिरत नाही, आणि ज्याने त्याच रस्त्यावर रात्री काढल्या त्याने एकदा विचारले की शिरते.

कुटुंबीयांची बैठक वेगळी असते, रुग्ण तिथे नसतो. तिथे शिकवतो त्या गोष्टी ऐकायला साध्या आहेत: नशेत असताना वाद घालायचा नाही; शुद्धीत असतील तेव्हा ज्या गोष्टी आवडतात त्या मुद्दाम करायच्या; नशेमुळे झालेले नुकसान त्यांच्या वतीने भरून काढायचे नाही; आणि पैसे द्यायचे नसतील तर घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचे. एकत्र कुटुंबात शेवटचे फार अवघड जाते, कारण आबांनी नाही म्हटले की जिजींच्या डब्यातून निघतात.

गोळीवर देखरेख ठेवणे चूक नाही. आम्हीच ती घरच्यांवर सोपवतो. डबा कुलपात हवाच, कारण घरात मुले आहेत आणि ही एक गोळी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. मात्र देखरेख एकाच माणसाने, आतल्या खोलीत, रुग्णाशी ठरवून करावी. तो माणूस जाऊबाई असाव्यात की आपले यजमान, हे भाऊजींना विचारा. गड्यांच्या देखत नको, एवढे आबांना कोणी सांगायचे हा प्रश्न आहे. ते बहुधा बैठकीतला दुसरा एखादा बापच सांगेल.

एक कायद्याची गोष्ट: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64 अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतले जाऊ शकते. ट्रामाडॉल 2018 पासून त्या कायद्याखाली आहे, म्हणून लिहिले. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार व्यसनाशी संबंधित आजारही मानसिक आजारांत धरले जातात, त्यामुळे रुग्णाला आपल्या उपचारांची माहिती मिळण्याचा आणि घरच्यांशी संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. त्या पहिल्या केंद्राने जे केले ते पुन्हा चालवून घेऊ नका.


फक्त_आजचा_दिवस यांचे उत्तर

मी भुसावळचा, रेल्वेत आहे. गर्द आणि नंतर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, अशी नऊ वर्षे गेली. मी नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांनीच चालवलेल्या, सभांमुळे उभा राहिलो. ही चळवळ 1953 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिथे डॉक्टर नसतो, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या सभेत मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो, म्हणजे उठून जाता येईल. एका माणसाने सांगितले, की त्याने मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे उचलले आणि सहलीच्या दिवशी तिला ताप आल्याचा बहाणा करायला लावले. मी हेच केले होते, फक्त सहल नव्हती, गणवेश होता. तोपर्यंत इतका नीच माणूस भुसावळात मी एकटाच आहे अशी माझी खात्री होती. त्यानंतर मी खुर्ची बदलली.

गोळीबद्दल मी चुकलो होतो, तेही लिहितो. आमच्या काही सभांत गोळी घेणाऱ्याला पुरता 'स्वच्छ' मानत नाहीत, आणि मीही तसाच होतो. एका सोबत्याला मी, आणि माझ्यासारख्या आणखी दोघांनी, कुबडी फेकून दे असे सांगितले. त्याने फेकली. बाराव्या दिवशी तो क्वार्टरच्या संडासात बेशुद्ध सापडला. दार तोडावे लागले. तो वाचला. पुढच्या सभेत आला तेव्हा गोळी सुरू होती, आणि कोणी काही म्हटले नाही. ताई, आपल्या यजमानांना ही गोष्ट माझ्या नावाने सांगा.


एक_बाप_शिरपूर यांचे उत्तर

सूनबाई, मी आबांच्या बाजूने लिहितो, कारण इथे त्यांच्या बाजूचे कोणी दिसत नाही.

मुलगा गोळ्या खातो हे कळल्यावर बापाला पहिल्यांदा राग येत नाही, लाज येते. आणि लाज वाटते असे म्हणता येत नाही म्हणून तो रागावतो. मी मुलाचे खिसे तपासत असे, गाडीची डिकी उघडत असे, त्याच्या उशीच्या खोळीत हात घालत असे. पट्टीच्या फॉइलचा आवाज मला झोपेतही ऐकू येई. एकदा शेजारच्या खोलीत बायको बीपीची गोळी काढत होती आणि मी त्याच्यावर धावून गेलो.

मला बैठकीला माझ्या मोठ्या मुलीने नेले, तेही साखरेची तपासणी करायची आहे असे सांगून. लोखंडी खुर्च्या, कागदी कपात चहा, भिंतीवर पंखा खडखडतोय. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मना आंडोर चोर शे," म्हणजे माझा मुलगा चोर आहे. मला वाटले, आता सगळे दचकतील. शेजारचा म्हातारा मान हलवून म्हणाला, त्याच्या पोराने विहिरीवरची मोटार विकली, ती त्यानेच पुन्हा विकत आणली, आणि त्याच दुकानदाराकडून आणली. कोणीतरी हसले, मग तो म्हातारा हसला, मग मीही हसलो. दीड वर्षात मी हसलो नव्हतो, हे त्या वेळी ध्यानात आले.

त्या बैठकांत मला मुलाबद्दल फारसे नवे कळले नाही. मी त्याची झडती घ्यायचो त्या वेळात मी शेत पाहत नव्हतो, नातवाशी बोलत नव्हतो, बायकोच्या औषधांची तारीख विसरत होतो, हे कळले. मुलाला मी एक दिवस सांगितले, की आजपासून मी तुझे खिसे पाहणार नाही, आणि पैसेही देणार नाही. पहिले त्याला आवडले, दुसरे नाही. दोन्ही पाळायला मला चार महिने लागले आणि मध्ये दोनदा मी खिसे पाहिले. त्यानंतर तो एकदा घसरला, आणि ते त्याने स्वतः येऊन सांगितले, म्हणून दोनच दिवसांत दवाखान्यात नेता आले.

आबांना "चला, उपचाराला" असे म्हणू नका. त्यांना सांगा, की तिथे केळीवाले, कापूसवाले, त्यांच्या वयाचे चार बाप येतात. बाकी ते बघून घेतील. गावात बभ्रा व्हायची भीती असेल तर मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातल्या बैठकीला जा. आमच्याकडे निम्मे लोक त्याच कारणाने लांबून येतात. आणि मुलीच्या लग्नाचे म्हणाल तर खळ्यात फिट आलेली सगळ्यांनी पाहिलीच असेल.


सूनबाई_रावेर

सर्वांचे आभार. रात्री यजमानांना भुसावळच्या दादांचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी गोळी बंद करण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. उधारीबद्दल धुळ्याच्या दादांनी जे विचारले, त्याचे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते सुखाचे नाही, कारण गाडीमालकाला फोन मीच करीत होते.

गोळी कोणासमोर घ्यायची असे भाऊजींना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग माझ्या मोठ्या मुलाचे नाव घेतले. तो अठरा वर्षांचा नाही म्हणून आम्ही नाही म्हटले, तेव्हा जाऊबाईंवर ठरले. कुलपाची किल्ली त्यांच्याकडे आहे. आबा सकाळी त्या वेळेला आता म्हशीकडे जातात. कोणी सांगितले नव्हते. मीच एकदा चहा देताना "आतल्या खोलीत घेतलीय त्यांनी" एवढे म्हटले होते.

काल रविवारी मी, जाऊबाई आणि आबा, असे तिघे एसटीने जळगावला गेलो. आबा आत आले नाहीत. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दीड तास बसून राहिले. मी तिथे फोनबद्दल बोलले. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, पण निघताना एका बाईंनी त्यांचा हात हातात घेतला तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. परतीच्या गाडीत सावदा गेल्यावर आबांनी विचारले, "आपल्या तिकडचं कोणी होतं का तिथं?" सांगता येत नाही, तिथला नियमच तसा आहे, असे मी म्हटले. ते खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हंजे आपलंबी कोणी सांगत नसतीन."